सुटकालाज कोणाची?

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आसमुंड उंदरांचे सापळे बघायला डोंगरावरच्या लाकडी घरी गेला आणि उंदीर राहिले बाजूला, तोच अडकला. चारही सापळे रिकामे होते. तशी नोंद करायला त्याने घराची वही उघडली, तर ऑगस्टमधल्या रविवारच्या नोंदीखाली एक शब्द होता. छापील अक्षरांत काढलेला, खाली सही नाही. 'सुटकालाज.'

आसमुंडने चष्मा पुसला आणि शब्द पुन्हा वाचला. तरी तोच होता.

या वहीत असलं काही लिहायची पद्धत नव्हती. तिघा भावंडांच्या सामाईक घरात एक्केचाळीस वर्षांच्या सात वह्या फळीवर ओळीने उभ्या होत्या. त्यांत तापमान होतं, वारा होता, कोण आलं, किती किलोमीटर स्की केलं, काय खाल्लं आणि जाताना काय संपलं होतं, हे सगळं होतं. त्यांचे वडील याच घराच्या पायरीवर ऊन खात बसल्या बसल्या गेले, त्या दिवशीची नोंद आईच्या अक्षरात अशी होती: "उणे चार. स्वच्छ ऊन. आउदुन वारले. सरपण भरपूर आहे."

नॉर्वेजियन माणसाला भावना नसतात असं कोणी समजू नये. असतात, चांगल्या भरपूर असतात. पण त्या सांगायला वाक्य करायचं म्हटलं की त्यात 'मी' येतो, 'तू' येतो आणि प्रकरण अंगाशी येतं. त्यापेक्षा दोन-तीन शब्द घ्यावेत, एकाच्या शेपटीला दुसरा बांधावा, लागलंच तर मध्ये 'स'चा एक टाका घालावा आणि तयार झालेलं गाठोडं समोर ठेवून आपण खिडकीबाहेर बघत बसावं. दुसऱ्याची फजिती झाली की मनात गुदगुल्या होतात, ती 'नुकसानमौज'. लग्नाच्या आदल्या दिवशी पोटात जे ढवळतं, ते 'धास्तीआनंद'. शब्द कोशात नसला तरी कोणाचं अडत नाही. जोडला की झाला, आणि ऐकणाऱ्याला तो लगेच कळतोही. आसमुंडची पंचाईत हीच होती की त्याला कळला होता.

कोणाला तरी कोणाच्या तरी जाण्याने सुटल्यासारखं वाटलं होतं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली होती. आता कोणाला आणि कोणाच्या, एवढंच शोधायचं होतं. त्या शनिवार-रविवारी डोंगरावर चौघं होती: आसमुंड, त्याची बायको सुलफ्रिड, मोठी बहीण गुडवाइग आणि धाकटा भाऊ त्रिग्वे. शनिवारी सकाळी आसमुंड एकटा खाली उतरला होता, कारण फेरीबोटीच्या कंपनीने दोन दिवस बदलीवर बोलावलं होतं. म्हणजे शब्द लिहिणारी माणसं तीन उरली आणि सगळ्यांत आधी गेलेला माणूस एकच.

शिवाय आसमुंड मे महिन्यात निवृत्त झाला होता. एकतीस वर्षं तो पंधरा दिवस बोटीवर आणि पंधरा दिवस घरी असे. आता तो रोज घरी होता. मेपासून त्याने भांड्यांचं कपाट दोनदा लावून दिलं होतं आणि चमच्यांचा खण सुलफ्रिडला नव्याने समजावूनही सांगितला होता. तेव्हा ती काही बोलली नव्हती. त्या न बोलण्याचा अर्थ त्याला आता, रिकाम्या सापळ्यांच्या शेजारी बसून, लागायला लागला.

घरी आल्यावर त्याने सुलफ्रिडला काही विचारलं नाही. विचारणं हा शेवटचा उपाय, आणि अजून बरेच उपाय शिल्लक होते. तो कचरा टाकायला बाहेर पडे आणि अर्ध्या वाटेतून एकदम परत फिरून दार उघडे.

"काय विसरलास?" सुलफ्रिड विचारी.

"काही नाही," तो तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघत म्हणे.

"मग कचरा परत का आणलास?"

एका गुरुवारी त्याने जाहीर केलं, "मी स्क्रू आणायला जातोय. दोन तास लागतील." तो गाडी घेऊन गेला, कोपऱ्यावर लावली, चालत परत आला आणि शेजारणीच्या कुंपणाआड उभा राहिला. पाच मिनिटांत स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि रेडिओचा आवाज मोठा झाला. सुलफ्रिड गुणगुणत होती. आसमुंडने घड्याळात वेळ पाहून ठेवली.

"काही हरवलंय का, आसमुंड?" मागून शेजारीण म्हणाली. तिच्या हातात पाला गोळा करायचं दाताळं होतं.

"नाही. बघतोय जरा."

"तुझंच घर?"

"हो."

"बरं," शेजारीण म्हणाली आणि पाला गोळा करायला लागली. ती चांगली शेजारीण होती.

त्या संध्याकाळी त्याने गुडवाइगला फोन लावला. गुडवाइग निवृत्त मुख्याध्यापिका. डोंगरावरच्या घराचा सगळा कायदा तिच्या हातात होता. परसाकडच्या खोलीत पाण्याऐवजी भुसा किती टाकायचा याची यादीसुद्धा तिने प्लास्टिकमध्ये मढवून लावली होती.

"गुडवाइग, वहीत कोणीतरी लिहिलंय."

"वही लिहायलाच असते."

"भावना लिहिलीय."

"कुठली?"

"सुटकालाज."

पलीकडे गुडवाइग दोनदा खोकली. मग मुख्याध्यापिका जागी झाली. "हा वहीचा गैरवापर आहे. कोणी केला ते शोधून काढलंच पाहिजे. अक्षर कोणाचं वाटतं?"

"छापील आहे."

"छापील काय, कोणीही काढतं!" ती घाईघाईने म्हणाली. "त्यावरून काही ठरवू नकोस. त्रिग्वेला मी विचारते."

तिने त्रिग्वेला विचारलं आणि दहा मिनिटांत त्रिग्वेचा आसमुंडला फोन आला. त्याचा आवाज पडलेला होता.

"माझ्याबद्दल आहे ना ते?"

"तुझ्याबद्दल कशाला असेल?"

"रविवारी सकाळी मी निघालो ना, तेव्हा आरशातून मागे बघितलं. सुलफ्रिड हात हलवत होती. दोन्ही हात, आसमुंड! साध्या निरोपाला कोणी दोन हात हलवतं का?"

त्रिग्वेला अकॉर्डियन वाजवायची आवड होती. डोंगरावर असला की तो सकाळी सहाला पायरीवर बसून वाजवी, कारण त्या वेळी हवा स्वच्छ असते. त्या हवेत झोपलेल्या लोकांना काय वाटतं, याचा त्याने कधी विचार केला नव्हता. तो आता आला, आणि आला तो एकदम आला.

यानंतर तिघांनी समोरासमोर बसून बोलायला हरकत नव्हती. पण ते या घराण्यात कधी घडलं नव्हतं. त्रिग्वे पुढच्या रविवारी दोन तास गाडी हाकत डोंगरावर गेला, वहीत त्या शब्दाखाली छापील अक्षरांत 'अकॉर्डियनअपमान' असं लिहिलं आणि दोन तास गाडी हाकत परत आला. चार दिवसांनी गुडवाइग वर गेली. तिने दोन्ही शब्द वाचले आणि खाली 'वहीविटंबनाचीड' असं लिहिलं. त्यानंतर आसमुंड गेला. तो वहीपुढे तासभर बसला. बाहेर पाऊस लागला होता आणि चूल पेटत नव्हती. शेवटी त्याने लिहिलं: 'निवृत्तनवराधास्ती'. लिहिल्यावर त्याला दोन मिनिटं बरं वाटलं. मग आठवलं की शाई पुसता येत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर घर हिवाळ्यासाठी बंद करायचा शनिवार आला. या दिवशी चौघांनी मिळून राबायचं असतं: होडी वर ओढायची, नळ रिकामे करायचे, लाकडं रचायची आणि मग एकत्र जेवायचं. या प्रकाराला तिथे दुगनाद म्हणतात आणि आजारपण सोडून त्यातून सुटका नसते. आजारपणही खात्रीचं लागतं.

आसमुंड येताना लेबलांचा गठ्ठा आणि जाड पेन घेऊन आला होता. घरात पाऊल टाकताच त्याने ते सुलफ्रिडपुढे ठेवलं.

"जरा डब्यांवर नावं घालायचीत. 'मोठे खिळे', 'बारीक खिळे'. छापील अक्षरांत काढ."

"डबे काचेचे आहेत, आसमुंड."

"मग?"

"खिळे दिसतात."

"तरी काढ."

सुलफ्रिडने नवऱ्याकडे पाहिलं आणि झोकदार वळणाच्या अक्षरात 'खिळे' लिहून कागद त्याच्या छातीवर चिकटवला. त्याने तो दिवसभर काढला नाही. पुरावा होता.

त्रिग्वेने अकॉर्डियन आणला होता, पण पेटी दाराशी बंद ठेवून तो स्वतः तिच्या शेजारी तशाच चेहऱ्याने उभा राहिला. गुडवाइगने कामांची यादी वाचली. पहिलं काम, विहिरीवरून एक बादली पाणी आणणे.

"मी आणते," सुलफ्रिड म्हणाली.

"मी येतो," आसमुंड लगेच म्हणाला. ती गेल्यावर आपल्याला कसं वाटतं हे इतरांनी बघावं, अशी त्याची इच्छा नव्हती.

दोघंच गेली तर त्यांना मोकळं वाटेल आणि ती आपल्याविषयी बोलतील, असं त्रिग्वेच्या मनात आलं. तोही निघाला. एकटीच मागे राहिले तर संशय नक्की माझ्यावर, असा हिशेब करून गुडवाइगने यादी खिशात घातली आणि पाठोपाठ आली. एक बादली पाणी चौघांनी आणलं. पुढे सगळंच तसं झालं. खोलीतून आधी बाहेर पडायला कोणी तयार होईना, कारण मागे राहिलेल्यांना हायसं वाटण्याचा धोका होता. चौघं मिळून एकच खिडकी बंद करत होती. परसाकडे जायची वेळ आली तेव्हा एक जण आत आणि तिघं बाहेर रांगेत भुशाविषयी बोलत उभी राहिली. दुपारी तीनपर्यंत यादीतली अकरापैकी दोन कामं झाली होती.

चार वाजता मटण आणि कोबीचं पातेलं टेबलावर आलं. सगळे बसले. कोणी बटाटा मागितला की तिघं एकदम भांडं पुढे करत. सुलफ्रिडने पळी खाली ठेवली.

"आता पुरे झालं. सकाळपासून बादलीमागे वरात निघतेय. तुम्हा तिघांना झालंय काय?"

त्रिग्वे खिडकीबाहेर बघायला लागला. गुडवाइगने कोबीतले मिरे वेचायला घेतले. आसमुंड उठला, वही आणली आणि ते पान उघडून तिच्या ताटाशेजारी ठेवलं.

सुलफ्रिडने पान वरपासून खालपर्यंत वाचलं. "'अकॉर्डियनअपमान'. हा त्रिग्वे. 'वहीविटंबनाचीड'. ही गुडवाइग, दुसरं कोण! 'निवृत्तनवरा...'" ती थांबली. तिने आसमुंडकडे बराच वेळ पाहिलं. "आणि वरचा पहिला माझा, असं तू धरून बसलायस."

"मी काही धरलेलं नाही. मी फक्त विचारतोय."

"कुठे विचारलंस? महिना झाला, नुसता कचरा घेऊन आतबाहेर करतोयस. त्या दिवशी कुंपणामागे उभा होतास तोही मला दिसलास. म्हटलं, असेल काही गुडघ्याचा व्यायाम."

आसमुंडला घाम फुटला. अडतीस वर्षांच्या संसारात जे त्याने कधी केलं नव्हतं ते आता करावं लागणार होतं. 'मी' आणि 'तू' दोन्ही असलेलं, क्रियापदासकट, अख्खं वाक्य.

"मी त्या शनिवारी निघालो," तो म्हणाला, "तेव्हा तुला हायसं वाटलं का?"

"हो," सुलफ्रिड म्हणाली.

त्रिग्वेच्या काट्यावरचा बटाटा पडला. आसमुंडला वाटलं, झालं, आता विचारायचं काही उरलं नाही. त्याच्या छातीवरच्या 'खिळे'चं एक टोक सुटून खाली लोंबायला लागलं.

"पण हा शब्द माझा नाही," ती पुढे म्हणाली.

"कशावरून?"

"मला लाज नाही वाटली."

मग त्रिग्वेने हळूच विचारलं, "आणि मी निघालो तेव्हा?"

"तेव्हाही हायसं वाटलं. दोन हात हलवले ना मी! तेव्हाही लाज नव्हती."

आता प्रश्न हायशाचा राहिलाच नाही. ते ज्याला त्याला वाटलंच होतं. प्रश्न उरला लाजेचा, आणि चौघांत लाज कोणाकडे शिल्लक असेल याचा विचार करता तिघांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. गुडवाइग मिरे मोजत होती. तिचे कान लाल झाले होते.

"आई जाताना मला म्हणाली, पोरांना एकत्र ठेव," ती ताटाकडे बघत म्हणाली. "ठेवते की नाही? दर ऑगस्टला बोलावते. गाद्या उन्हात घालते, याद्या करते. आणि तुमची शेवटची गाडी वळणाआड गेली की पायरीवर बसते आणि उरलेला क्रीमचा केक डब्यातूनच चमच्याने खाते. अख्ख्या वर्षात मला तेवढं सुख कशाचं होत नाही. मग आई आठवते आणि लाज वाटते. सांगणार कोणाला? वहीत लिहिलं."

"आणि शोध घ्यायला मला लावलंस!" आसमुंड ओरडला.

"तक्रार तू आणलीस. तक्रार आल्यावर मुख्याध्यापिकेने काय करायचं असतं?"

"मग पुढच्या वर्षी आम्ही यायचं की नाही?" त्रिग्वेने विचारलं.

"यायचं म्हणजे यायचंच!" गुडवाइग ताडकन म्हणाली. "आलाच नाहीत तर जाणार कसे?"

त्यावर त्रिग्वे इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. सुलफ्रिडही हसली. जेवणानंतर त्रिग्वेने पेटी उघडली आणि कोणी काही म्हणालं नाही. गुडवाइगने मात्र दर गाण्यानंतर घड्याळ बघितलं आणि आता ती ते उघड बघत होती.

एकटा आसमुंड हसला नव्हता. भांडी घासताना तो सुलफ्रिडच्या शेजारी उभा राहिला आणि एकच ताट चार वेळा पुसलं. चोर सापडला होता, पण त्याची चोरीला गेलेली वस्तू काही मिळाली नव्हती.

"किती हायसं वाटलं?" त्याने विचारलं.

"आसमुंड, तू पंधरा दिवस बोटीवर जायचास ना, तेव्हा पहिले तीन दिवस मला छान वाटायचं. घर मोठं वाटायचं. चमचे मी कुठेही टाकायचे. चौथ्या दिवशी तुझी आठवण यायला लागायची. एकतीस वर्षं यायची, न चुकता." तिने ताट त्याच्या हातातून काढून घेतलं. "मेपासून मला तुझी एकदाही आठवण आलेली नाही. येणार कशी? तू समोरच असतोस."

"मग मी काय करू?"

"मला चार दिवस दे. अधूनमधून दे. मला तुझी आठवण यायला हवीय रे. आवडते मला ती."

आसमुंडने फडक्याची घडी घातली. त्याला काहीतरी जोडून म्हणायचं होतं, पण शब्द जुळेनात. मग तो नुसताच "बरं" म्हणाला.

रविवारी दुपारी त्याने जाहीर केलं की छपराची एक फळी सैल वाटते, तेव्हा तो चार दिवस मागे राहून ती ठोकेल आणि गुरुवारच्या बसने येईल. गुडवाइगचा चेहरा उतरला. शेवटी निघायचा तिचा हक्क गेला होता. तिने केकचा डबा न बोलता उचलला आणि गाडीत पुढच्या सीटवर पट्टा लावून ठेवला. त्रिग्वे गेला. सुलफ्रिडने निघताना एकच हात हलवला, आणि आसमुंडला ते आवडलं.

गाडी दिसेनाशी झाली. तो पायरीवर बसला. कोणी कॉफी कडू झाली म्हणत नव्हतं, कोणी यादी वाचत नव्हतं, अकॉर्डियन नव्हता. तळ्यावर एक बदक होतं आणि तेही लांब होतं. आसमुंडला इतकं हायसं वाटलं की तो घाबरला. त्याने लाजेची वाट पाहिली. दुसरा कप झाला तरी ती आली नाही. रात्री तो पलंगाच्या बरोबर मधोमध आडवा झाला आणि मेल्यासारखा झोपला.

सोमवारी सकाळी फळी ठोकून झाली. तिला तीन खिळे लागले. मग त्याने काचेचे डबे ओळीने लावले. मग उलट्या ओळीने लावले. बदक उडून गेलं होतं. अकरा वाजता त्याने फोन लावला.

"काय झालं?" सुलफ्रिड म्हणाली.

"काही नाही. गाडीचे टायर बदललेस का? हिवाळ्याचे?"

"आज सोमवार आहे, आसमुंड."

"माहीत आहे."

"चौथा दिवस बुधवारी येतो. मला अजून आठवण आलेली नाही."

"मी कुठे त्याबद्दल बोलतोय? मी टायरबद्दल बोलतोय. बर्फ पडायला काय वेळ लागतो!"

"इथे अकरा अंश आहे. मी बाहेर उन्हात बसलेय."

"तरी," आसमुंड म्हणाला. पुढे काय म्हणायचं ते त्याला सुचेना, पण फोनही ठेववेना.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. सुलफ्रिड नीट टेकून बसली असावी.

"बरं," ती म्हणाली. "बोल मग टायरबद्दल."

आणि दोघं पाऊण तास टायरबद्दल बोलत राहिली.